छातीभर पाण्यासाठी घेतलेला वेडर: वडोदऱ्यातून एक परीक्षण

बूट आणि विजार एकाच तुकड्यात जोडलेली, वरचा काठ छातीपर्यंत येणारा आणि खांद्यांवरून गॅलिसने अडकवायचा असा जो जलरोधक पोशाख मिळतो, त्याला दुकानदार ‘वेडर’ म्हणतात. तळ्यात मासे पाळणारे, गाळ काढण्याची कंत्राटे घेणारे आणि पाणथळ जागी पक्ष्यांची छायाचित्रे काढणारे एवढेच त्याचे ठरलेले गिऱ्हाईक असते. वडोदऱ्यात मात्र २०२४ च्या ऑगस्टनंतर साधी संसारी माणसेही त्याची चौकशी करू लागली, असे मकरपुरा औद्योगिक वसाहतीजवळ सुरक्षा-साहित्य विकणाऱ्या एका दुकानदाराने सांगितले. त्यात नवल नाही, कारण त्या महिन्याच्या अखेरीस विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली होती, निम्मे शहर पाण्यात होते आणि नदीतल्या मगरी वस्त्यांमधून पकडून नेण्याची वेळ वनखात्यावर आली होती. मी हा वेडर घेतला तो पुरासाठी नाही. पादऱ्याजवळ मामेभावाचे शेततळे आहे, त्यात माजलेली जलपर्णी उपसण्यासाठी आणि हिवाळ्यात पाणपक्षी जवळून पाहता यावेत म्हणून घेतला. एका पावसाळ्यात आणि एका हिवाळ्यात तो वापरून झाल्यावर त्याच्याबद्दल बऱ्यापैकी खात्रीने लिहिता येते.

आधी वस्तूविषयी. कापड नायलॉनचे असून त्यावर पीव्हीसीचा थर आहे, सांधे उष्णतेने चिकटवलेले आहेत आणि पायाशी गमबुटासारखे जाड बूट पक्के जोडलेले आहेत. पायाशी नुसता जलरोधक मोजा असलेला आणि वर वेगळे बूट चढवायचे असा दुसरा प्रकारही मिळतो. तो चालायला सोपा असतो, पण महाग पडतो. निओप्रीन नावाच्या फुगीर रबराचे वेडर थंड मुलखातल्या कोळ्यांसाठी उत्तम असतील, परंतु गुजरातच्या उकाड्यात तो विचारही करू नये. साध्या पीव्हीसीतच ऑक्टोबरच्या दुपारी अर्ध्या तासात अंग घामाने निथळू लागते आणि बाहेर आल्यावर आतला ओलेपणा घामाचा की गळतीचा हे कळत नाही. दुकानदाराने विकताना मोठ्या अभिमानाने सांगितले होते, “साहेब, पाणी अंदर नहि आवे.” त्याचे म्हणणे खरे निघाले. पाणी आत येत नाही आणि घाम बाहेर जात नाही.

छातीशी एक खिसा आहे, त्यात मोबाईल ठेवण्याचा मोह टाळावा, कारण खिसा जलरोधक नाही. गॅलिस चांगले आहेत, अडकवण्या प्लॅस्टिकच्या असूनही अजून शाबूत आहेत. कमरपट्टा मात्र सोबत मिळत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि माझ्या मते या वस्तूतला सर्वांत मोठा दोष तोच आहे. पट्टा नसेल तर घसरून पडताच वरच्या काठातून पाणी थेट पायांपर्यंत भरते. भरलेला वेडर माणसाला दगडासारखा तळाशी नेतो असा समज आहे तो खरा नाही, कारण पाण्यात असेपर्यंत आतल्या पाण्याचे वजन जाणवत नाही. खरी अडचण त्यानंतर येते. काठ चढताना ते सगळे वजन एकदम पायांवर येते, आणि प्रवाह असेल तर फुगलेले कापड पाण्याला अडून माणसाला ओढत नेते. घट्ट आवळलेला पट्टा आत शिरणारे बरेचसे पाणी कमरेवरच थोपवतो. कारखान्याला पन्नास-साठ रुपयांत देता येईल अशी ही गोष्ट वगळून खिशावर मासळीचे चित्र छापण्याची हौस कोणाची असेल ते कळत नाही.

पाण्यात उतरल्यावर पहिली जाणीव होते ती दाबाची. कापड चहूबाजूंनी पायांना चिकटते. गुडघाभर पाण्यात ते सुखाचे वाटते, पण कमरेच्या वर गेल्यावर प्रत्येक पाऊल उचलायला जोर लागतो. याच खोलीला दुसरी एक गोष्ट घडते, जी वेडरच्या पाकिटावर कोणी लिहीत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा साधारण निम्माच भार उरतो, छातीपर्यंत पाणी आले की तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक. म्हणजे जिथे पाण्याचा रेटा सर्वांत जास्त, तिथेच जमिनीवरची पकड सर्वांत कमी. रेट्याचा हिशेबही सोपा आहे. गुडघ्याच्या थोड्या वरपर्यंत पाणी असेल आणि ते सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर दोन्ही पायांवर मिळून सात-आठ किलोचा भार पडतो. वेग दुप्पट झाला की भार दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे तीस किलोच्या आसपास. गढूळ पाण्यात हा वेग डोळ्यांना दिसत नाही, वाहत जाणाऱ्या पाल्यापाचोळ्यावरून त्याचा अंदाज घ्यावा लागतो. शेततळ्यात प्रवाह नसतो, म्हणून तिथे हा पोशाख उपयोगी आहे. पुराच्या रस्त्यावर तो माणसाला खोटा धीर देतो.

पुरात माणसे पाण्यातून कशी चालली याची उदाहरणे या शहराजवळ आहेत. ३१ जुलै २०१९ रोजी वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा विश्वामित्री रेल्वे स्थानकाजवळच्या वस्तीतून एका पोलीस उपनिरीक्षकाने प्लॅस्टिकच्या टबात लहान बाळ ठेवून तो टब डोक्यावर घेतला आणि गळ्याशी आलेल्या पाण्यातून त्याला बाहेर काढले. ते छायाचित्र देशभर फिरले आणि प्रत्येकाला वसुदेव आठवला. त्या माणसाच्या अंगावर कोणताही वेडर नव्हता. त्याच्यापाशी होता दोर, कारण अशा पाण्यात बचाव करणारे आधी दोर बांधतात आणि मग त्याच्या आधाराने चालतात. जलरोधक कापड या यादीत फार खाली येते.

वसुदेवाचे चित्र आपल्याकडे किती जुने आहे हे पाहायचे तर मथुरेच्या संग्रहालयातील कुषाणकाळातील एक शिल्पपट पाहावा. त्यात एक पुरुष डोक्यावर ओझे धरून नदी ओलांडताना दिसतो, आणि नदी म्हणजे लाटांच्या रेषा व त्यांत पोहणारे जलचर. बहुतेक अभ्यासक त्याला वसुदेवच मानतात. पुढे लघुचित्रांत आणि कॅलेंडरांवर तोच प्रसंग आला, तेव्हा यमुना दुभंगलेली किंवा बाळाच्या पायाचा स्पर्श होताच ओसरलेली दाखवू लागले. मला स्वतःला ती जुनी, न ओसरलेली नदी जास्त पटते. ओझे डोक्यावर घेतल्याने हात गुंततात आणि तोल सांभाळायला फक्त पाय उरतात. वेडर घालून दोन्ही हातांत जलपर्णीचा भारा धरला की वसुदेवाच्या अडचणीची थोडी कल्पना येते.

सैन्यांचा इतिहास तर पाण्यातून चालण्यानेच भरलेला आहे. इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरने पोरसावर चाल करण्यासाठी झेलम रात्री ओलांडली. पलीकडचा काठ आला असे समजून सैन्य उतरले तर ते एक मोठे बेट निघाले, आणि बेटाच्या पुढचा फाटा पावसाने फुगलेला होता. एरियन या ग्रीक इतिहासकाराने लिहिले आहे की तो फाटा चालून पार करताना खोल जागी पायदळाच्या छातीपर्यंत पाणी आले आणि घोड्यांची फक्त डोकी वर राहिली. आपल्याला याहून जवळचा प्रसंग म्हणजे १७६० च्या ऑक्टोबरचा. भाऊसाहेब कुंजपुरा जिंकून दिल्लीच्या उत्तरेला होते, यमुनेला पाणी होते, आणि ते पाणी शत्रूला अडवून धरील असा भरवसा होता. अब्दालीने बागपताजवळ उतार शोधला, काही माणसे वाहून गेली तरी फौज पार केली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तोडला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे घडले त्याची एक मुळी त्या उतारात आहे. नदी माणसाला अडवते हे खरे, पण कुठे अडवते आणि कुठे सोडते हे ज्याने पाय घालून पाहिले त्यालाच कळते.

विसाव्या शतकातील दोन छायाचित्रे पाण्यातून चालण्याची म्हणून जगाच्या लक्षात राहिली, आणि दोन्ही १९४४ ची आहेत. ६ जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रॉबर्ट सार्जंट याने उतरत्या नौकेच्या आतून टिपलेले चित्र पाठमोऱ्या सैनिकांचे आहे. रॅम्प खाली पडला आहे, माणसे कमरेएवढ्या पाण्यात शिरली आहेत आणि समोर धुरात काठ आहे. जड ओझ्यामुळे त्या सकाळी कित्येकजण गोळी लागण्याआधीच बुडाले. दुसरे चित्र २० ऑक्टोबरचे, फिलिपिन्समधल्या लेते बेटावर गुडघाभर पाण्यातून चालत येणारा जनरल मॅकार्थर. त्याची नौका काठापासून दूर अडकली आणि त्याला बूट-विजारीनिशी पाण्यात उतरावे लागले. चेहऱ्यावरचा करडेपणा पुढे निर्धार म्हणून गाजला. ओल्या बुटांनी चालावे लागलेल्या कोणत्याही माणसाला त्याचे दुसरे कारणही सुचेल.

वडोदऱ्याच्या उशाशी मही आहे, आणि दांडीयात्रेतला सर्वांत कठीण टप्पा तिथला होता. १९ मार्च १९३० च्या रात्री कंकापुऱ्याहून पलीकडच्या कारेलीला जायचे होते. मुखाजवळची मही भरती-ओहोटीची नदी, तिच्या दोन्ही अंगांना चिखल पसरलेला. साठी उलटलेले गांधीजी होडीत बसले खरे, पण होडीपर्यंत जायला आणि होडीतून काठाला लागायला अंधारात चिखलपाणी तुडवत जावे लागले. भरतीची वेळ साधण्यासाठीच मध्यरात्र निवडावी लागली होती. महीचा चिखल ज्याने पाहिला आहे त्याला यातले कष्ट सांगायला नकोत. मी तिथे वेडर घालून उतरलो नाही आणि कोणी उतरू नये, कारण तो चिखल बूट धरून ठेवतो आणि जोडलेल्या बुटातून पाय काढून पळता येत नाही. वेगळे बूट असलेल्या प्रकाराचा हा एक फायदा मोजायला हवा.

आता पक्ष्यांकडे वळतो, कारण या वस्तूची खरी परीक्षा त्यांच्या शेजारी उभे राहिल्यावर होते. डभोईजवळचे वढवाणा तळे सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधले गेले आणि २०२१ मध्ये त्याची नोंद रामसर स्थळांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. तिथे पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नाही, काठावरूनच पाहावे. पण शेततळ्याच्या उथळ कडेला तेच पाहुणे येतात. शेकाट्याचे पाय त्याच्या शरीराच्या मानाने इतके लांब असतात की या बाबतीत फक्त रोहित पक्षी त्याच्या पुढे आहे. पायाच्या मध्यावर उलटा वाकणारा जो सांधा आपण गुडघा समजतो तो खरे तर घोटा असतो, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. थंड पाण्यात तासन्‌तास उभे राहूनही त्यांचे अंग गार पडत नाही, कारण पायात खाली जाणाऱ्या उष्ण रक्ताच्या नळ्या आणि वर येणाऱ्या थंड रक्ताच्या नळ्या एकमेकींना लागून असतात आणि उष्णता वाटेतच परत फिरते. कमळपक्ष्याची लांबलचक बोटे वजन पसरवतात आणि तो पानांवरून चालतो. आपल्या वेडरचे बूट याच्या नेमके उलटे, टाच अरुंद आणि वजन एका जागी, त्यामुळे मऊ गाळात ते रुततात.

यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. गढूळ पाण्यात चालणारे बरेच पक्षी डोळ्यांवर विसंबत नाहीत. चित्रबलाक चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि पायाने गाळ ढवळतो, मासा चोचीला लागताच ती मिटते. चमचा पक्षी चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो, तोही स्पर्शानेच पकडतो. चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतवाऱ्यांच्या चोचीच्या टोकाला दाब ओळखणाऱ्या पेशी असतात. लहान बगळा आपले पिवळे पाय थरथरवून लपलेले किडे-मासे उठवतो. पाण्यातून चालणे हे या सर्वांसाठी स्पर्शाचे काम आहे, आणि नेमका तोच स्पर्श वेडर काढून घेतो. अनवाणी माणसाच्या तळव्याला वाळू संपून गाळ लागला, दगड निसरडा आहे, पुढे उतार आहे, हे पाऊल टाकतानाच कळते. जाड तळव्याच्या बुटात ते कळायला अर्धे पाऊल उशीर होतो. माझी या वस्तूविषयीची मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती या एका वेडरची नसून सगळ्याच वेडरांची आहे. कातडी वाचते, पण ठाव कळत नाही.

यावर उपाय जुना आहे, काठी. २००४ मध्ये काँगोतील एका दलदलीच्या माळरानावर एक गोरिला मादी पाण्यात कमरेपर्यंत शिरली, थबकली, जवळची फांदी काढली आणि पुढे खोली किती हे तिने टेकवून टेकवून पाहिले. तिला काठी सुचावी आणि आपल्याकडे पुरात माणसांनी मोबाईल उंच धरून रिकाम्या हाताने चालावे हे काही बरोबर नाही. शहरी पाण्यातला धोका खोलीपेक्षा उघड्या गटाराचा असतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत एका नामांकित पोटविकारतज्ज्ञांचा अशाच पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून अंत झाला. पुढच्या पावलाची जागा काठीने ठोकून पाहावी, मागचा पाय तोपर्यंत हलवू नये, आणि प्रवाहाकडे तोंड किंचित तिरपे ठेवावे. बांबूची काठी दहा मिनिटांत मिळते आणि तिला आकाराची पंचाईत नाही.

स्वच्छ पाण्यातसुद्धा डोळे फसवतात. सरळ वरून पाहिले तर चार फूट पाणी तीन फूट भासते, तिरपे पाहिले तर त्याहूनही उथळ. कोनराड विट्झने १४४४ मध्ये जिनिव्हातील वेदीसाठी रंगवलेल्या चित्रात येशूकडे निघालेला त्याचा शिष्य पीटर पाण्यात उतरलेला आहे आणि त्याचे पाण्याखालचे पाय वाकडे, फिके दिसतात. त्या काळी प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम युरोपात कोणी सूत्रात मांडला नव्हता, पण चित्रकाराने तळ्याच्या काठी उभे राहून ते पाहिले असणार. रेम्ब्रांटचे १६५४ चे, लंडनच्या नॅशनल गॅलरीतले ओढ्यातल्या स्त्रीचे चित्र मात्र माझ्या मते पाण्यात पाऊल टाकण्याचे सर्वांत खरे चित्र आहे. तिने वस्त्र मांड्यांपर्यंत उचलून धरले आहे, पाणी पोटऱ्यांना लागले आहे, आणि ती आपल्याकडे पाहत नाही, खाली पाण्याकडे पाहते. पुढच्या पावलाखाली काय आहे याकडे सगळे लक्ष लागलेले शरीर कसे दिसते हे त्यात आहे. वेडर घातलेला माणूस असा चालत नाही, तो समोर पाहत धडाधड चालतो, आणि म्हणूनच पडतो.

एवढे लिहूनही ही वस्तू निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो जिवाणू पायाच्या भेगांतून आणि जखमांतून शिरतो, आणि दक्षिण गुजरातेत भातशेतीत राबणाऱ्यांना त्याचा त्रास वर्षानुवर्षे आहे. त्यांच्यासाठी, गाळ काढणाऱ्या सफाई कामगारांसाठी, तळ्यातली जलपर्णी काढणाऱ्यांसाठी पाय कोरडे राहणे ही चैन नाही. त्यांना कंत्राटदाराने चांगला वेडर, पट्टा आणि काठी द्यावी, हे सांगायला परीक्षणाची गरज पडू नये. मगरींविरुद्ध मात्र वेडरचा काडीचा उपयोग नाही. विश्वामित्रीत आणि आसपासच्या कित्येक गावतळ्यांत मगरी आहेत, तेव्हा तळ्यात पाय घालण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे. त्यांना ते वनखात्याच्या फलकाइतकेच नीट ठाऊक असते.

घ्यायचा असेल तर बुटाचा आकार नेहमीपेक्षा एक मोठा घ्यावा, म्हणजे आत जाड मोजा बसतो. दुकानातच एकदा उकिडवे बसून पाहावे. मांड्यांच्या फाट्यावर कापड ताणले जात असेल तर ते तिथेच आधी फाटणार. वापरून झाल्यावर आतून उलटा करून सावलीत वाळवावा, उन्हात पीव्हीसी कडक होते, आणि दुमडून ठेवण्याऐवजी बूट वर करून टांगावा, नाहीतर घडीच्या रेषेवर चीर पडते. माझ्या वेडरला बाभळीच्या काट्याने गुडघ्याशी छिद्र पडले. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून ते सापडले, पण सायकलच्या पँक्चरवाल्याचे रबर सोल्युशन पीव्हीसीवर टिकले नाही, दुसऱ्या दिवशी ठिगळ निघून आले. त्यासाठी व्हिनाइलचा गम लागतो, जो ताडपत्रीवाल्यांकडे सुट्ट्या डबीत मिळतो. त्याने लावलेले ठिगळ हिवाळाभर टिकले आहे.